सात नंबरची पट्टी

स्टँडवरची पकड सुटेना. मशीनबाईने पंप डाव्या हातावर तोलला आणि उजव्या हाताने फिरकी पुन्हा पिळली. सात नंबरच्या रिकाम्या पलंगाभोवती तीन जणी उभ्या होत्या. तिघींपैकी कोणीही हात पुढे केला नाही.

“जोर कमी पडतोय वाटतं,” फरशी पुसायची काठी भिंतीला टेकवत मावशी म्हणाल्या. “का सिस्टरांनीच मुद्दाम घट्ट करून ठेवलंय, असं लिहायचंय?”

धाकटी सिस्टर तोंड फिरवून हसली. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. हाताची घडी घालून त्या मशीनबाईच्या बोटांकडे बघत होत्या. नवख्या मुलीला पहिल्यांदा सुई टोचायला लावून बघतात तशा.

पकड एकदम सुटली आणि पंप तिच्या छातीवर आदळला.

“सांभाळून,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “पुरावा आहे तो.”

‘मशीनबाई’ हे नाव या अतिदक्षता विभागानेच तिला दिलं होतं. गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘वैद्यकीय उपकरण अभियंता’ असं छापलेलं होतं, पण ते वाचायचे कष्ट इथे कोणी घेतले नव्हते. दोन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा प्रत्येक पलंगाजवळचं यंत्र आपापल्या जागी ओरडायचं आणि गप्प व्हायचं. कोण किती वाजता ओरडलं याची नोंद कुठेच नव्हती. तिने बाराही पलंगांचे मॉनिटर एका पडद्याला जोडले. आता प्रत्येक इशारा सेकंदासह साठवला जाई. आणि आता सगळे इशारे एकाच जागी वाजत. एका पाळीत सरासरी तीनशे दहा. त्यातले खरे किती हेही तिने मोजलं होतं: अठरा. बाकीचे कमी करायचं काम तिच्या यादीत होतं, दुसऱ्या टप्प्यात. मोठ्या सिस्टरांनी दुसऱ्या टप्प्याची वाट पाहिली नाही. त्यांनी स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टीचे चार थर लावले. मशीनबाईने फोटो काढला, पट्टी सोलून प्लास्टिकच्या पिशवीत घातली, चिकटपट्टीचं रीळही उचललं आणि अहवाल दिला. एकतीस वर्षांच्या नोकरीत मोठ्या सिस्टरांना मिळालेला तो पहिला मेमो.

पंप मात्र त्या पडद्याला जोडलेले नव्हते. त्यांच्या नोंदी त्यांच्या पोटात राहत. म्हणून हा खाली न्यायचा होता.

“थांबा,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचं रजिस्टर उघडून तिच्यासमोर धरलं. पानावर बोटभर लांबीची पांढरी चिकटपट्टी डकवलेली होती. तिच्यावर निळ्या शाईत औषधाचं नाव, मात्रा, ‘२.१४’ आणि खाली बारीक सही. “सात नंबरच्या सिरिंजवरची. त्याच दिवशी काढून ठेवलीय. हीपण न्या खाली.”

“याची गरज नाही.”

“का? ही वेळ नाही?”

“सिस्टर, पेनाने काहीही लिहिता येतं,” मशीनबाई म्हणाली. “कधीही लिहिता येतं. यंत्र स्वतःहून लिहितं. त्याला कोणाशी वैर नसतं.”

“नसतंच. ते तुमच्याकडे असतं.”

तेवढ्यात धाकटी सिस्टर नऊ नंबरसाठी भरलेली सिरिंज घेऊन आली. मोठ्या सिस्टरांनी ती हातात घेऊन उजेडाकडे धरली, गोल फिरवली.

“सही?”

“करते ना, जरा हात मोकळा झाला की.”

“सही नसलेली पट्टी कोणाचीच नसते. काढ. नवी लाव.”

धाकटी सिस्टर मुकाट्याने परत गेली. मशीनबाई पंप कडेवर घेऊन निघाली. मागून मावशींचा आवाज आला, “बाळ रडलं तर दूध पाजा हो!” आणि या वेळी कोणीतरी मोठ्याने हसलं.

नऊ दिवसांपूर्वी, दुपारची पाळी बदलत असताना, सात नंबरच्या आजोबांचा रक्तदाब कोसळला होता. तो टिकवून धरणारं औषध या पंपातून जात होतं. सिरिंज संपली, आणि सकाळच्या पाळीने पुढची भरून ठेवलेली नव्हती. आजोबा तिसऱ्या दिवशी गेले. त्यांच्या मुलाने लिहून दिलं की वडिलांजवळ कोणी फिरकलंच नाही. पडद्याच्या नोंदीप्रमाणे रक्तदाबाचा इशारा वाजला दोन वाजून दहा मिनिटांनी. नवी सिरिंज दुपारच्या पाळीवर आलेल्या मोठ्या सिस्टरांनी भरून लावली; ती किती वाजता सुरू झाली, यावर आता त्यांची नोकरी अडकली होती. दोन चौदाला, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीला सात महिने राहिले होते.

तळघरातल्या तिच्या खोलीत टेबलावर जागा कमी आणि वायरी जास्त होत्या. तिने पंप जोडला. नोंदी एकेक करून पडद्यावर उतरल्या. तिने त्या दिवसापर्यंत खाली सरकवलं.

२.२० सिरिंज रिकामी.

२.२६ नवी सिरिंज सुरू.

तिने दोन दहा आणि दोन सव्वीस कागदावर एकाखाली एक लिहून वजाबाकी केली. गरज नव्हती, पण केली. सोळा. गणित सुटल्यावर वाटतं तसं तिला बरं वाटलं. मग आजोबांची आठवण झाली आणि बरं वाटल्याची थोडी लाज वाटली. तिने अहवाल छापला, तीन प्रती काढल्या, कडा जुळवून पिना मारल्या. मनगटावर पाहिलं. चार वाजत होते. म्हणजे अजून बारा मिनिटं होती. चौकशी समिती चारला बसायची होती.

घड्याळ बारा मिनिटं पुढे ठेवायची सवय घरची. वडील शाळेत शिपाई होते. घंटा त्यांच्या हातात. अख्खी शाळा त्यांच्या हातावर चालायची, म्हणून घरातलं एकूण एक घड्याळ पुढे. ‘आधी पोचलेल्याला कोणी विचारत नाही, कुठे होतास म्हणून,’ ते म्हणायचे. कॉलेजला जाताना त्यांनी हे घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं तेव्हाही आधी काटे पुढे सरकवले होते. बारा वजा करायचं आता तिच्या लक्षातही येत नसे. ते आपोआप व्हायचं.

वरच्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि भिंतीवर घड्याळाचा नुसता खिळा. अधीक्षक मधोमध बसले होते, त्यांच्या उजवीकडे अतिदक्षता विभागाचे डॉक्टर. मोठ्या सिस्टर समोर, पुढ्यात पट्टी डकवलेलं रजिस्टर. त्यांनी बाह्या खाली ओढून बटणं लावली होती.

मशीनबाईने अहवाल वाचला. “दोन दहाला केंद्रीय पडद्यावर रक्तदाबाचा इशारा. दोन वीसला सिरिंज पूर्ण रिकामी. दोन सव्वीसला नवी सिरिंज सुरू. इशाऱ्यापासून सोळा मिनिटं पलंगाजवळ कोणतीही कृती नाही.”

डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. “एक मिनिट. औषध संपलं वीसला. मग प्रेशर दहालाच कसं पडलं?”

“रुग्णाची प्रकृती आधीच ढासळत होती, सर. म्हणून तर तेव्हाच कोणीतरी यायला हवं होतं.”

“हं,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी पेनाने काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

अधीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सिस्टर, सोळा मिनिटं कुठे होतात?”

“चार मिनिटं. औषधाच्या टेबलापाशी. सिरिंज भरत होते.”

“कागद सोळा म्हणतोय.”

“कागद माझ्या शेजारी उभा नव्हता.”

“सिस्टर, नीट बोला. आणि ही पट्टी. तिच्यावर दोन चौदा आहे. यंत्रात दोन सव्वीस. म्हणजे उशीर हा एक भाग झाला. खोटी नोंद हा दुसरा. दुसरा जास्त वाईट आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.”

मोठ्या सिस्टरांची मान ताठ झाली. त्या अधीक्षकांकडे बघत नव्हत्या. मशीनबाईकडे बघत होत्या.

“बाई, तुम्ही मला खोटारडी म्हणताय?”

“मी नोंद वाचून दाखवली.”

“माझ्या हाताखाली चाळीस मुली शिकल्या. एकीनेही पट्टीवर पुढची-मागची वेळ लिहिलेली नाही. लिहिली असती तर हात मोडला असता मी.”

“भावना बाजूला ठेवू,” अधीक्षक म्हणाले.

“ठेवा. मग मोजा.” त्या उठल्या. “सिरिंज, औषध, सलाइन मागवा. तुमच्यासमोर भरते. या बाईंच्या हातात घड्याळ आहे, त्यांना मोजू द्या. म्हणजे तरी कळेल की त्या कामाला चार मिनिटं लागतात का सोळा.”

अधीक्षकांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी खांदे उडवले. “बघू या की. माझ्या माणसांना नेमका किती वेळ लागतो, ते मलाही कधी कोणी मोजून दाखवलेलं नाही.”

ट्रे आला. ट्रे मावशींनी आणला, टेबलावर ठेवला आणि मशीनबाईच्या खुर्चीला नको तेवढं घासून गेल्या.

मोठ्या सिस्टरांनी हात धुतले, हातमोजे चढवले. “चालू करा,” त्या म्हणाल्या. मशीनबाईने सेकंदकाट्यावर डोळे लावले. औषधाच्या काचेच्या कुपीची मान टक्‌ करून मोडली. सुई आत गेली. दट्ट्या सावकाश, एकाच वेगाने मागे आला. त्यात घाई नव्हती आणि दिखावाही नव्हता. मधेच त्या थांबल्या, कुपीवरचं नाव पुन्हा वाचलं, ओठ हलवून मात्रा पुटपुटल्या. सलाइन भरलं. सिरिंज उलटी धरून टिचकी मारली. बुडबुडा वर चढला, निघून गेला. नळी जोडली. एकतीस वर्षं. मशीनबाईला पहिल्यांदाच वाटलं की हे आपण अजून कधी जवळून पाहिलेलं नाही. या पंपाच्या आत काय चालतं ते तिला माहीत होतं. पंपात काय ठेवतात ते ठेवताना तिने पाहिलं नव्हतं.

“तीन मिनिटं पन्नास सेकंद,” ती म्हणाली.

“ठीक,” अधीक्षक म्हणाले. “पण यातून एवढंच कळतं की तुम्ही तेवढ्या वेळात भरू शकता. त्या दिवशी भरली, हे नाही.”

मोठ्या सिस्टरांनी ऐकलंच नाही. हात थांबले नव्हते. त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा फाडला, सिरिंजवर गुंडाळला, पेन काढलं. औषध लिहिलं, मात्रा लिहिली, आणि मान वर करून भिंतीकडे पाहिलं. तिथे खिळा होता.

“किती वाजले?” कोणालाही उद्देशून नसल्यासारखं त्यांनी विचारलं.

“चार बावन्न,” मशीनबाई म्हणाली. डोळे अजून काट्यांवरच होते.

“चाळीस,” डॉक्टर फोनकडे बघत म्हणाले. “चार चाळीस. तुमचं घड्याळ पळतंय हो.”

“नाही, ते मी मुद्दामच...”

तिने दुसरा हात घड्याळावर ठेवला.

मोठ्या सिस्टरांनी पट्टीवर ४.४० लिहिलं आणि खाली सही केली.

तीन आठवड्यांपूर्वी तिने अडतीस पंपांचे आतले सेल बदलले होते. नाण्याएवढे सेल. नवा सेल घातला की पंप वेळ विसरतो आणि आधी तीच विचारतो. दोन दिवस ती तळघरात खाली मान घालून बसली होती. हातात ग्रीस लागलेले हातमोजे, फोन पिशवीत, आणि मनगट समोरच. पहिल्या दोन-तीन पंपांना तिने बारा वजा केले होते का? केले असतील. विसाव्या पंपाला? सव्वीस वजा बारा.

आणि वीस वजा बारा आठ. सिरिंज संपली दोन आठला. रक्तदाब पडला दोन दहाला. डॉक्टरांनी विचारलं होतं. अख्ख्या खोलीसमोर विचारलं होतं, की आधी परिणाम आणि मग कारण हे कसं. आणि तिने उत्तर देऊन टाकलं होतं.

“बाई, तिन्ही प्रतींवर सह्या करा,” अधीक्षक म्हणाले, “म्हणजे उरकलं.”

“सर, मला दहा मिनिटं द्या.”

“आता काय राहिलं?”

“पंप बघून येते.”

“जाऊ द्या त्यांना,” मोठ्या सिस्टर हातमोजे काढत म्हणाल्या. “अजून काही सापडेल माझ्याविरुद्ध. शोधाची हौस दांडगी आहे त्यांना.”

तळघरात दिवा लावायचं तिला सुचलं नाही. पंपाच्या पडद्याच्या उजेडातच तिने बटणं दाबली. वेळ या पंपावर सरळ दिसत नसे. तीन पायऱ्या आत जावं लागे. म्हणूनच ती कोणाच्या नजरेला पडली नव्हती. तिने फोन काढून शेजारी ठेवला.

पंप ४.५८. फोन ४.४६.

भिंतीवर देखभालीचा तक्ता होता. अडतीस ओळी. शेवटच्या रकान्यात ‘घड्याळ तपासले’, आणि त्याखाली एकाच पेनाने, एकाच झोकात मारलेल्या अडतीस बरोबरच्या खुणा. खाली तिची सही. वेळ कशाशी ताडून पाहिली, याला तक्त्यात रकाना नव्हता. तक्ता तिनेच आखला होता.

पंपाच्या पडद्यावर वेळेचा आकडा उघडझाप करत होता. बदलायची का, असं विचारत होता. तीन बटणं. मग या सेकंदापासून पंप खरं बोलू लागला असता आणि मागच्या नोंदी तशाच राहिल्या असत्या. त्या खोट्या आहेत हे पुन्हा कोणालाच, कधीच दाखवता आलं नसतं. पुढच्या आठवड्यात बाकीचे सदतीस. तपासणीचं कारण काढायचं, त्यात संशय येण्यासारखं काही नाही. तिचा अंगठा बटणावर होता. बटण गुळगुळीत आणि जरा गरम होतं.

जिन्यावर कोणाचीतरी पावलं वाजली. ती दाराकडे बघत राहिली. पावलं पुढे निघून गेली. अंगठा अजून तिथेच होता.

मग तिने तो उचलला, टेबलाचा खालचा खण ओढला. प्लास्टिकच्या पिशवीत स्पीकरवरून सोललेली पट्टी होती, आणि तिच्याखाली ते रीळ. तिने रिळाचं टोक नखाने शोधलं. ते सापडेना, दोनदा गोल फिरवावं लागलं. सिस्टरांसारखा एका झटक्यात तुकडा फाटला नाही, वाकडा फाटला. तो टेबलावर सपाट करून तिने त्यावर लिहिलं. अक्षर बारीक काढूनही जागा पुरेना. मग पंपाच्या बटणांवरच, ती झाकली जातील अशी, पट्टी चिकटवली आणि अंगठ्याने दाबून बसवली.

ती परत आली तेव्हा खोलीत चहा आलेला होता. मोठ्या सिस्टरांसमोरचा कप भरलेला होता आणि त्यावर साय धरली होती. अधीक्षक फोनवर बोलत होते. त्यांनी तिला हाताने ‘बसा’ म्हटलं. ती बसली नाही. टेबलाला वळसा घालून तिने पंप मोठ्या सिस्टरांच्या पुढ्यात ठेवला.

“हे काय?” डॉक्टरांनी विचारलं.

ती डॉक्टरांकडे वळली. “सर, तुम्ही मघाशी जे विचारलंत... प्रेशर आधी कसं पडलं. ते आधी नाही पडलं.”

अधीक्षकांनी फोन खाली ठेवला.

मोठ्या सिस्टरांनी पंप स्वतःकडे वळवला. चष्मा त्यांनी लावला नाही. डोकं मागे नेऊन, पापण्या बारीक करून वाचलं. ‘पंप ४.५८, खरी वेळ ४.४६. घड्याळ लावताना चूक. अडतीस पंप.’ एकदा वाचलं, मग बोट एकेका अक्षराखाली सरकवत पुन्हा. त्यांच्या चेहऱ्यावरचं काही सैल झालं नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधे सिरिंज धरतात तशी त्यांनी पट्टीची सुटलेली कड धरली, ओढून पाहिली, आणि घट्ट बसली आहे अशी खात्री करून सोडून दिली.

मोठ्या सिस्टरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि ते मशीनबाईच्या हातात न देता पंपाशेजारी टेबलावर ठेवलं.

“सही?” त्या म्हणाल्या.